वेटोळ्याला लावलेला हात

“अगं, शिवलीस त्याला?”

सर ओरडले तेव्हा तांब्याच्या तारेचं वेटोळं माझ्या हातात होतं. चांद्याच्या शाळेत मी मॅट्रिकला. विज्ञानाच्या वर्गात मुलगी मी एकटी, महारपुऱ्यातलीही एकटीच. मुलं आळीपाळीनं चुंबक वेटोळ्यात सारत होती, त्याला जोडलेल्या वीज मोजायच्या यंत्राचा काटा हलताना बघत होती. मला वाटलं, आता माझा नंबर. एवढंच.

सरांनी चपराशाला हाक मारली. त्यानं ओलं फडकं आणलं. वेटोळं पुसलं. मेज पुसलं. सगळे बघत होते. मी हात पदराखाली लपवला आणि म्हणाले, “चुकलं, सर.”

माफी माग असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच मागितली. यापुढं दाराशी उभी राहा, सर म्हणाले. मी मान हलवली.

मी आत्याकडे राहायची. ती विड्या वळायची. तिला सांगताना मी भिंतीकडे तोंड केलं.

“काही तोडलं का तू?”

“नाई.”

“मंग चुकलं काऊन म्हनली?”

त्या रात्री जेवण गेलं नाही. फडक्यापेक्षा ते माझंच ‘चुकलं’ जास्त जाळत होतं. अजून जाळतं.

पुढच्या तासाला सरांनी विचारलं, “उत्तर ध्रुव वेटोळ्याजवळ नेला, तर चुंबकाच्या बाजूनं पाहता प्रवाह कुठल्या दिशेनं?” मग दाराकडे बघितलं. “तू सांग. तिथूनच.”

उत्तर येत होतं. तरी म्हणाले, “इथून नाही सांगणार. करून दाखवीन.”

वर्ग हसला. मी मेजाशी गेले. चुंबक उचलला, पुढं सारला. काटा एकीकडे गेला.

“येणाऱ्या चुंबकाला वेटोळं विरोध करतं. म्हणून या तोंडाशी उत्तर ध्रुव होतो. प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या उलट.”

चुंबक मागं ओढला. काटा दुसरीकडे. “आता सुलट.” आवाज चिरकला.

बरोबर की चूक, सर बोललेच नाहीत. “बाहेर हो,” म्हणाले.

मग मला हेडमास्तरांपुढं उभं केलं. त्यांनी विचारलं, “माफी मागतेस, की नाव कापू?”

मान वर होत नव्हती. लाज तेव्हाही गेली नव्हती. खाली बघतच मी बोलले, “मी मागनार नाई. नाव कापा. तरी मी उद्या येईन, परवा येईन. मेजाशीच उभी राहीन. माझ्यामागं खालच्या वर्गांत आमच्या पुऱ्यातल्या पोरी येऊन राह्यल्या. त्यायले दाराशी उभं करू देनार नाई.”