बंद दाराआडची मुलाखत

माझ्या संशोधनात आकडे नव्हते, त्यामुळे घरात त्याला कोणी संशोधन मानत नसे. "गप्पा मारायला जुन्नरहून घाटघरला जायचं आणि त्यावर पदवी मिळवायची," असं आमचे हे त्या दोन हजार सालाच्या आसपास चारचौघांत मोठ्या कौतुकाने सांगत. मी नर्सिंगच्या शाळेत शिकवत होते. आमच्याकडून बाहेर पडलेल्या मुली पहिल्या नेमणुकीत एकट्या पडल्यावर काय शिकतात, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

घाटघरची नर्सबाई मूळची आळे गावची. तिची मुलाखत मी टेप केली, लिहून काढली आणि नियमाप्रमाणे ती तिला वाचून दाखवायला पुन्हा गेले. नको वाटेल ते खोडायला लावायचा तिला हक्क होता. वाचलेलं तिसऱ्याच्या कानावर पडू नये, हाही नियमच. माझे पुण्याचे मार्गदर्शक नियमांचे फार पक्के. घाटघरला मात्र ते कधी आले नव्हते. मी आरोग्य उपकेंद्राचं दार लावून आतून कडी घातली.

पहिल्या बाळंतपणाचा भाग आला तशी ती चुळबुळ करू लागली. तिने सांगितलं होतं, "शाळेत प्लॅस्टिकच्या बाहुलीवर सगळं जमायचं. इथं माझे हात कापत होते. भीती वाटली तर काय करायचं, ते कोणी शिकवलंच नव्हतं."

"हे खोडा म्याडम," ती म्हणाली. "बायकांना कळलं तर माझ्याकडं कोण येईल?"

सगळ्या मुलाखतीत मला नेमकं तेच हवं होतं. मी पेनाचं टोपण काढण्यात जमेल तितका वेळ घालवला. "नीट विचार करा," असं तिला पुन्हा पुन्हा म्हणाले, म्हणजे विचार बदला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दिवसाढवळ्या कडी घालून बसायची त्या गावात रीत नाही. बाहेरची बाई, हातात कागद आणि दार बंद. अंगणात हिरडा वाळत घालणाऱ्या बायकांनी काय ते ओळखलं होतं. नर्सबाईंची चौकशी लागली. मी कडी काढली तर सगळ्या दारात उभ्या.

"बदली करू नका म्याडम," पुढची म्हणाली. तिच्या कडेवर पोर होतं. "बाई लई चांगल्या हायेत. काय चूक झाली आसंल तर आमी सया करून देतो."

कसली चूक ते ठाऊक नसताना सह्या द्यायला निघालेल्या त्या बायका बघून मला हसू आलं. नर्सबाईला आलं नाही. ती त्या पोराकडे बघत होती. तिने केलेलं पहिलं बाळंतपण त्याच्याच वेळचं. मग ती सरळ बोलली.

"चौकशी न्हाई. तुमच्या टायमाला मी लई भ्याले व्हते, हात कापत व्हते. ते म्याडमना सांगितलं व्हतं, आन आता खोडा म्हणत व्हते."

मार्गदर्शक तिथे असते तर त्यांना घेरीच आली असती.

"ते मला तवाच कळलं व्हतं," ती बाई पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली. "म्हणून तर मी तुमचा हात धरला. तुमाला काय वाटलं, कळ सोसंना म्हणून धरला व्हय?"

मी पेनाला टोपण लावलं.

"खोडू नका म्याडम," नर्सबाई म्हणाली. "आन हिनं हात का धरला, तेबी लिवा."