सगळ्यांच्या वतीने एक ‘ट’

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला गाड्यांच्या पार्ट्सच्या गोदामात काम करतात, आई इंडियन स्टोअरच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. इथल्या मराठी मंडळातली इतर मुलं आपापल्या मेजरबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या मुख्य विषयाबद्दल, बोलायला लागली की मी पाणी आणायला उठते. कॉलेजातही माझं तसंच चालायचं. पहिल्या वर्षी हौसेनं कोरसचा वर्ग घेतला आणि लवकरच कळलं, की चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. त्या शुक्रवारपर्यंत कोर्स ड्रॉप करता, म्हणजे सोडता, येणार होता. मी सोडणार, असं आईला सांगूनही टाकलं होतं.

वर्ग शिकवणारे सर मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी ते एका रॉक बँडचे मुख्य गायक होते. बँड फुटला, आणि मग उरलेलं आयुष्य ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला जात राहिले. कुणाच्या मागे गायचं, कुणाला बेस गिटार वाजवून द्यायची, कुणाला ऑर्गन, मध्येच एखादी साबणाची जाहिरात. लग्नानंतर ते मिशिगनला आले. सत्तरी उलटली तरी अजूनही बोलावणं आलं की जातात. ते वर्गात शिरले की मी सवयीनं उठून उभी राहायचे.

“अगं बस,” ते म्हणायचे, “राजा मागून येतोय.”

एकदा एका मुलानं त्यांना विचारलं, “पुढे उभं राहणं सुटलं, त्याचं वाईट नाही वाटत?”

“वाटतं की. काम नसलं की फारच वाटतं.” आणि त्यांनी पियानोवर सूर दिला.

गुरुवारी आमचं रेकॉर्डिंग होतं. आदल्या दिवशीच्या तालमीत गाण्याची ओळ ‘लाइट’ या शब्दावर संपत होती. सगळ्यांनी ती गायली, आणि शेवटचे ‘ट’ फोडणीतल्या मोहरीसारखे मागेपुढे तडतडले. सर हसले. म्हणाले, “स्टुडिओत आम्ही काय करतो माहितीय? ‘ट’ कुणीच म्हणायचा नाही. फक्त एकानं म्हणायचा, सगळ्यांच्या वतीनं.” मग माझ्याकडे बोट केलं. “तू.”

“मी? सर, माझा आवाज लहान आहे.”

“म्हणूनच. मोठा ‘ट’ कानात टोचतो.”

पहिल्यांदा मी घाई केली. दुसऱ्यांदा घाबरून म्हटलाच नाही, आणि ती ओळ शेपूट तुटल्यासारखी हवेत राहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर मात्र नुसतं म्हणाले, “परत.” किती वेळा म्हणाले असतील! आवाज एकदाही चढला नाही. शेवटी मी डोळे मिटले, शेजारच्या मुलीचा श्वास ऐकत थांबले, आणि ‘ट’ नेमका जागी बसला.

तालीम संपल्यावर मी अडखळत सांगितलं, की शुक्रवारी मी कोर्स ड्रॉप करणार आहे.

“जरूर कर,” गिटार पेटीत ठेवत ते म्हणाले. “पण रेकॉर्डिंग उद्या आहे. उद्या ‘ट’ तुझा. मलासुद्धा पहिल्या बँडमधून हाकलणारच होते. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, म्हणून राहिलो.”

गुरुवारी मी स्टुडिओत गेले. हेडफोन लावल्यावर सगळ्यांचे आवाज इतके जवळ आले, की मला एकटीला गावं लागणारच नव्हतं हे प्रथमच लक्षात आलं. ओळ संपली, मी माझं काम केलं. काचेपलीकडून सरांनी अंगठा उंचावला आणि लगेच पुढच्या ओळीकडे वळले. कौतुक केलं नाही, याचंच मला फार बरं वाटलं. मलाही त्यांनी बाकीच्यांतलीच एक धरलं. यासाठी त्यांचे आभार कसे मानायचे, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी लायब्ररीत आईचा फोन आला.

“काय गं, केलंस का ड्रॉप?”

“नाही केलं.”

“का?”

“सोमवारी नवीन गाणं सुरू होतंय.”

मागे बाबा काय झालं म्हणून विचारत होते.

“काही नाही हो, गाणं शिकतेय ती,” तिनं त्यांना सांगितलं आणि मग मला म्हणाली, “बरं, येताना कोथिंबीर आण.”