लोकरीचं वजन

वस्तीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सव्वीस वर्षं खांद्याला वजनकाटा लटकवून जिने चढणाऱ्या त्या नर्सला सगळे काटेबाई म्हणत, आणि एव्हाना तिलाही ते आडनावच वाटू लागलं होतं. इमारती तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट कुठेच नाही, आणि तान्हं मूल असलेलं घर हटकून सगळ्यात वर. दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला काटा अडकवायचा, झोळीत बाळ ठेवायचं, काटा थरथरायचा थांबेपर्यंत बाळाशी गप्पा मारायच्या आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडायचं. टिंबं वर चढत गेली की आईचा जीव भांड्यात, आणि बाईचाही.

बाळ तोलायचं ते उघडं, हा कामाचा पहिला धडा. आधी हात चोळून गरम करायचे, मग बाळाच्या अंगावरचं सगळं काढायचं, लंगोटसुद्धा. कपडे काढता काढता बरगड्या दिसतात, पुरळ दिसतं, श्वास कसा चाललाय तेही दिसतं. काटेबाईला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "आधी डोळ्यांनी तोल, काटा नंतर."

मग आरोग्य केंद्रावर नवे साहेब आले. त्यांनी उभ्या आयुष्यात एका बाळाचं झबलं काढलेलं नसावं, पण एका घराला किती वेळ लागतो ते त्यांना खुर्चीत बसून कळत होतं. दहा मिनिटं! दिवसाला पंधरा घरं. दारात पोहोचलं की फोनवर बटण दाबायचं, निघताना पुन्हा दाबायचं. दहाची बारा झाली की संध्याकाळी विचारणा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. थंडीच्या दिवसांत बाळाचे कपडे काढायला आणि पुन्हा चढवायला सहा-सात मिनिटं जातात, हे त्यांना सांगणार कोण? सगळ्या नर्सेस मूग गिळून बसल्या. आणि हळूहळू, एकमेकींना न सांगता, सगळ्याच कपड्यांसकट तोलू लागल्या. काटेबाईसुद्धा. पहिल्या दिवशी तिला अपराधी वाटलं, दुसऱ्या दिवशी जरा कमी, आणि पंधरवड्याने काहीच वाटेनासं झालं.

चौथ्या मजल्यावरच्या एका घरात एक बाळ होतं, सात महिन्यांची मुलगी. आई धुलाईच्या कारखान्यात कामाला, घरात आजी. मुलगी रडायची नाही, हट्ट करायची नाही, दूध पिता पिताच झोपून जायची. "असं गुणी बाळ पाहिलं नाही हो!" आजी म्हणायची. नर्सबाई यायच्या दिवशी आजी नातीला अशी सजवायची की नाक तेवढं बाहेर राहावं. थंडी वाढली तशी आजीच्या सुया जोरात चालू लागल्या. एका महिन्यात एक स्वेटर, पुढच्या महिन्यात त्यावर दुसरा, मग लोकरी विजार, टोपी, मोजे. सरकारी बाईंपुढे आपलं लेकरू उणं दिसायला नको, एवढाच तिचा सोस. तक्त्यावरची टिंबं झोकात वर चालली होती. पाच किलो शंभर, हे उघडं घेतलेलं शेवटचं, मग पाच चारशे, पाच सातशे.

त्या दिवशी झोळीत बसल्या बसल्या मुलगी ओकली. काटा पाच आठशेवर होता. आजीने घाईघाईने भिजलेले कपडे उतरवले आणि काटेबाईच्या हातात दिले. तो ढीग हाताला जड लागला. काटेबाईने मुलीकडे पाहिलं. बरगड्या मोजता येत होत्या. पोट श्वासासरशी आत ओढलं जात होतं, आणि एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम होता. तिने मुलीला पुन्हा झोळीत ठेवलं. चार किलो नऊशे. मग तो ढीग झोळीत टाकला. नऊशे ग्रॅम.

तिने तक्ता उघडला. तीन महिन्यांत मुलगी दोनशे ग्रॅमने उतरली होती. वाढत होती ती लोकर. आणि प्रत्येक टिंबाखाली सही काटेबाईची.

"काय झालं हो बाई?" आजीने विचारलं.

"आजी, चूक झाली. माझी," काटेबाई म्हणाली. "उद्या सकाळी हिला आणि हिच्या आईला केंद्रावर पाठवा. मी तिथे असेन."

केंद्रावर बालरोगाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत, आणि ते दुसऱ्याच दिवशी येणार होते. पण ते तपासत फक्त लाल यादीतली मुलं, म्हणजे ज्यांचं वजन घसरलंय अशी. यादीवर सही साहेबांची. सही नाही तर महिनाभर थांबा, आणि या मुलीचा महिना कसा निघेल याची काटेबाईला खात्री वाटत नव्हती.

सकाळी तिने साहेबांपुढे तक्ता ठेवला. साहेबांनी तो पाहिला, मग कॉम्प्युटर पाहिला.

"एवढी घट सिस्टिम घेत नाही, बाई. मागचे आकडे वर गेलेत."

"मागचे आकडे खोटे आहेत, साहेब. कपड्यांसकट घेतलेत. मीच घेतलेत."

"हे लेखी दिलंत तर तुमच्यावर चौकशी बसेल. निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची? सहा ना? कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?" साहेबांचा आवाज मायेने ओथंबला होता. "पुढच्या महिन्यात थोडी घट दाखवा, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडी. मग आपोआप येईल यादीत."

काटेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुढच्या महिन्यात? तोवर कोणाचं वजन दाखवू, स्वेटरचं?" एवढ्या मोठ्याने ती सव्वीस वर्षांत त्या इमारतीत बोलली नव्हती. ती तरातरा बाहेर गेली, बाकावर बसलेल्या आईच्या हातून मुलीला घेतलं आणि आत येऊन साहेबांच्या टेबलावर, फायलींवर ठेवलं. "काढा हिचे कपडे. तुम्हीच करा वजन. मग सही करा नाहीतर करू नका."

"बाई, हे काय चाललंय?"

"काढा म्हणते ना!"

दारात कारकून जमले होते. साहेबांची पंचाईत झाली. त्यांनी टोपी काढली. पहिल्या स्वेटरची बटणं पाठीमागे आहेत हे कळायलाच त्यांना वेळ लागला. दुसऱ्याच्या बाहीत मुलीचं कोपर अडकलं, तेव्हा ते घाबरून थांबले. मुलगी रडली नाही. रडायला लागते तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि हे साहेबांनाही दिसलं असावं. शेवटचं झबलं निघालं तेव्हा त्यांनी वजनही केलं नाही. यादी ओढली आणि सही केली.

डॉक्टरांनी मुलीच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाला भोक आहे, म्हणाले. दूध ओढायलाही तिला दम लागतो, म्हणून पिता पिता झोपते. ऑपरेशनने बरं होतं. पण त्या आधी अंगावर मांस चढायला हवं, त्यासाठी आजच भरती करू. तीन महिन्यांपूर्वी आली असती तर फार सोपं होतं.

काटेबाईने खाली पाहिलं. मग आईकडे वळून तिने सगळं सांगून टाकलं. दहा मिनिटांचा नियम, कपड्यांसकट घेतलेली वजनं, साहेब, सिस्टिम. सांगता सांगता तिचा आवाज पुन्हा चढला. असल्या माणसांच्या हाती तान्ही मुलं दिलीच कशी, असं ती म्हणत होती, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने काटेबाईच्या हातून मुलीला घेतलं.

"दोन महिन्यांपूर्वी मी घरी होते, तेव्हा सांगत होते तुम्हाला," ती म्हणाली. "दूध पिताना हिला घाम येतो म्हणून. वरून हाकही मारली. तुम्ही जिन्यात होतात."

साहेबांवर चढला होता तो आवाज काटेबाईला आता सापडेना.

"हो," ती म्हणाली. "ऐकली होती मी हाक."