डावीकडचे शॉकअप

आमच्या वणीत स्पोर्ट्स कार घेणं म्हणजे चिखलात पैंजण घालून नाचणं. रस्ते कोळशाच्या ट्रकांनी उकरून ठेवलेले, आणि या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तरी किसनरावांच्या मुलानं, रजतनं ती घेतली. पिवळीधम्मक, दोनच माणसांची, पुण्याहून जुनी आणलेली. आणली ती सरळ माझ्या गॅरेजात.

मी संजय राठोड. मूळचा दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यातला, पण गॅरेज राजूर रस्त्यावर. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे भरणं आणि जीपचे शॉकअप, म्हणजे धक्के पोटात घेणारे नळे, बदलणं हे माझं काम. असल्या ठेंगण्या गाड्या पाहिल्या की माझं डोकं उठतं, कारण त्यांच्याखाली हात जात नाही आणि मालकाचं ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

रजत म्हणाला, "संजूभाऊ, गाडी एकदम घट्ट पाहिजे. वळनावर रस्त्याले चिकटून राह्यली पाहिजे."

"वळन कुठं हाये बाप्पा वणीत? इथं खड्डे हायेत. मऊ ठेव, कंबर वाचन."

"मऊ गाडी म्हाताऱ्यायची."

शॉकअप तो स्वतःच घेऊन आला होता. त्यांना खाली एकेक गोल बटण असतं. ते एका बाजूला फिरवलं की गाडी मऊ होते, खड्डा पोटात घालते, पण वेगात वळताना झुलते. दुसरीकडे फिरवलं की गाडी खुंटीसारखी उभी राहते आणि रस्ता आहे तसा पाठीत येतो. मी वाद घातला, तो हसत राहिला. शेवटी मी चारही बटणं घट्ट करून दिली. आपल्याला काय, ज्याची कंबर त्याला लखलाभ.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी रजतला ताप आला. ताप डोक्यात गेला आणि पोरगा गेला. लग्न व्हायचं होतं.

आता किसनरावांबद्दल सांगतो, कारण सांगायचं ते त्यांचंच आहे. त्यांचं वडिलांपासूनचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं आणि बदल्यात खाणीत नोकरी मिळाली. डंपर चालवायची. ज्या वावरात आईबरोबर कापूस वेचला, त्याच वावराचा खड्डा झाला आणि त्या खड्ड्यात ते डंपर घेऊन उतरत राहिले, थेट रिटायर होईपर्यंत. यावर ते कधी काही बोलले नाहीत. डंपरच्या हादऱ्यांनी त्यांच्या पाठीची वाट लागली, मणक्यात नस दबली. डाव्या पायाचा तळवा आधी मुंग्या आल्यासारखा व्हायचा, मग त्याला काही समजेनासंच झालं.

रजत गेला त्या दिवशी सगळे त्यांच्या रडण्याची वाट पाहत होते. आमच्याकडे बाप रडला नाही तर लोकांना चैन पडत नाही. बायका म्हणत होत्या, "रडू द्या त्यायले, मोकळं होऊ द्या." आणि किसनराव शेजारच्या घरून सतरंज्या आणत होते, कारण माणसं उन्हात बसली होती. तेरवीला पंगतीत ते स्वतः वाढायला फिरले. माझ्या पानाशी थांबून म्हणाले, "संजय, भाजी घे." मी घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. दुःख दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. घर उघडं आणि आत कोणीच नाही, तसं वाटत होतं.

गाडी विकून टाका, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. नागपूरला दिलेली मुलगी प्रेरणा तर फोनवर भांडली. किसनरावांनी गाडी विकली नाही. उलट रोज सूर्य कलला की ते ती बाहेर काढायला लागले. ते चालवायचे आणि बाजूला त्यांची बायको, तानाबाई. लुगड्यातल्या तानाबाई त्या खोल सीटवर बसायच्या म्हणजे आधी पाठ आत, मग एकेक पाय उचलून आत, मग पदर आत. वणीहून राजूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. मागून कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवून जीव खायचे. पोरं मोबाइलवर फोटो काढायची. किसनराव कोणाकडे पाहायचे नाहीत, बायकोशी बोलायचे नाहीत. फिरायला जाण्याचा आनंद नव्हता की आठवणीचा कढ नव्हता. ड्युटी केल्यासारखं जायचं आणि यायचं. मुलाचं नावही त्यांनी तेव्हापासून घेतलं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर "त्यानं" म्हणायचे.

एकदा हवा भरायला आले आणि माझ्याशी बोलत उभे राहिले. मी नुकताच स्प्रिंगचा एक लोखंडी पाटा तापवून खाली ठेवला होता. रबर जळल्याचा वास यायला लागला. मी वायर जळाली का म्हणून इकडे तिकडे शोधतोय, आणि पाहतो तर किसनरावांचा डावा पाय त्या पाट्यावर! चप्पल वितळून चिकटली होती. मी त्यांना ओढलं. त्यांनी पाय वर करून पाहिला आणि म्हणाले, "जळली वाटते." दुसऱ्या कोणाच्या चपलेबद्दल बोलावं तसं. तळव्याला फोड आला होता, मी पाणी ओतलं, ते ओतू दिलं.

मला भीती वाटली. खरं सांगतो, रागही आला. माणसानं निदान ओरडावं तरी.

दोन-चार दिवसांनी तानाबाई एकट्याच गॅरेजात आल्या. टायरवर बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत.

"संजय, डॉक्टरनं साफ सांगतलं. धक्के बंद नाही झाले तर उजवा पाय बी जाईन. गाडी सोडा म्हनलं तर आयकत नाही. मऊ करून घ्या म्हनलं तर म्हनते, त्यानं ठेवली तशीच राहीन. तू गुपचूप मऊ करून टाक बाबा. त्यायले सांगू नको."

"आनि त्यायले समजलं तर?"

"त्यायले समजते काय काही?" त्या म्हणाल्या, आणि लगेच पदर तोंडाला लावला.

मी हो म्हटलं. लबाडी होती, पण पाय वाचवायची लबाडी. ऑइल बदलायचं निमित्त काढून गाडी बोलावली. दोघं आले. मी किसनरावांना समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं, गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलो. उजवीकडचं पुढचं बटण चाचपलं. घट्ट, मी ठेवलं होतं तसंच. मागचंही तसंच. मग डावीकडे हात घातला तर दोन्ही बटणं पार सैल, मऊच्या शेवटाला टेकलेली.

इथं माझी जीभ घसरली. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. लदणीचा पहिला नियम म्हणजे दोन्हीकडची गोणी सारखी. एक हलकी झाली की बैलाची पाठ सोलून निघते. हे मी दूध पिता पिता ऐकलेलं. त्यामुळे एक बाजू घट्ट आणि एक बाजू मऊ पाहून मला राहवलं नाही. गुपचूप काम करायचं आहे हे साफ विसरलो आणि खड्ड्यातून बोंबललो, "कोन्या गाढवानं हात लावला याले? एक अंग दगड अन् एक अंग कापूस! असं करते काय कोनी?"

वर पाहतो तर किसनराव काठावर उभे. हातात चहाचा ग्लास तसाच.

"काय झालं?"

आता लपवून काय उपयोग? मी म्हणालो, "काका, गाडी दुसऱ्या कोनाले दाखवली होती काय?"

"नाही. त्यानं ठेवली तशी हाये. मी कोनाले हात लावू देल्ला नाही."

"मंग डावीकडचे शॉकअप मऊ कसे? मी तर चारही घट्ट करून देल्ले होते."

"थ्यानंच केलं," तानाबाई मागून म्हणाल्या. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. "प्रेरणाकडं नागपूरले नेलतं मले. जाताना माही कंबर धरली. तर थो प्रेरणाच्या दारातच गाडीखाली घुसला, चांगले कपडे घालून. म्हने, आई, तुह्या बाजूचं मऊ करतो. माह्या बाजूचं राहू दे, मले कडकच आवडते."

"काकू, गाडीले असं आईचं अंग अन् पोराचं अंग नसते," मी म्हणालो. "अशानं गाडी एकीकडं झुकते. टायर खाते. फरक पडला तरी चिमूटभर."

"मले तर पडला."

किसनरावांनी ग्लास खाली ठेवला. बायकोकडे बघून म्हणाले, "म्हनजे इतके दिवस तुले धक्के नाही बसले?"

"तुमाले बसते तेवढे नाही."

"बोलली नाही कधी."

"तुमी इचारलं कधी?"

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी खड्ड्यातून वर आलो, हात पुसले आणि माझा मुद्दा मांडला. मला तो बिनतोड वाटत होता. "काका, तुमी म्हनता त्यानं ठेवली तशी राहू द्या. त्यानं तर जो बसन त्याच्यासाठी मऊ केली. आई बसली, आईसाठी केली. तुमच्यासाठी बी केलीच असती. करू मंग उजवीकडचं बी मऊ?"

किसनरावांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग कापसाचा भाव सांगावा अशा आवाजात म्हणाले, "माह्यासाठी कायले करन थो? मी बसलोच नाही त्याच्या गाडीत."

तेच पुढे बोलले. "आनली त्या दिवशी म्हने, बाबा, बसा, एक चक्कर मारून आनतो. मी म्हनलं, असल्या खेळन्यात मी बसत नाही. मंग रोज म्हने. बजाराले जाऊ म्हने, बँकेत सोडतो म्हने. मी पायी जाओ. मंग त्यानं म्हननं सोडून देल्लं."

माझा बिनतोड मुद्दा हातातच राहिला. या माणसाला मी मुक्या दगडासारखा समजत होतो, आणि तो इतके दिवस हे उराशी घेऊन रोज राजूरला जाऊन येत होता. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

तानाबाई मात्र चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मंग बसा ना आज! चालवून चालवून काय शोधून राह्यले त्या गाडीत? चालवाले त्यानं म्हनलं होतं काय? बसा म्हनलं होतं. डावीकडं बसा. संजय चालवन."

गाडीला वळसा घालून किसनराव डावीकडे गेले. मी सीटवर स्वच्छ टॉवेल टाकला. ते पाठ आत टाकून बसले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार ओढलं. मी गाडी काढली, राजूरच्या दिशेनं.

ते परक्या घरी पाहुणा बसतो तसे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी हळू चालवत होतो. माझ्या अंगाखाली प्रत्येक खड्डा लागत होता, मनात रजतला चार शिव्या दिल्या. खाणीच्या फाट्याजवळ रस्ता पुरता फुटलेला आहे. तो टप्पा पार झाल्यावर किसनरावांनी विचारलं, "खड्डा होता ना इथं?"

"होता, काका. मोठा होता."

"समजला नाही."

धूळ उडवत एक ट्रक समोरून आला आणि गेला.

"उजवीकडचं बी असंच करून टाक," ते म्हणाले.

"करतो, काका."

राजूरहून गाडी वळवली आणि थोडं अंतर आलो तोच कुठूनतरी घरघर ऐकू यायला लागली. थांबून थांबून, खालून आल्यासारखी. मला वाटलं, पुढचं बेअरिंग गेलं. मी काच खाली केली, वेग कमी केला, मान बाहेर काढून ऐकलं. बाहेर काही नव्हतं. काच वर केली तर आवाज पुन्हा होता. तेव्हा मी डावीकडे पाहिलं. किसनराव समोर बघत होते, तोंड मिटलेलं होतं आणि तो आवाज त्यांच्या छातीतून येत होता.

मी गाडी थांबवली नाही. तोंड उघडून ते रडायला लागले तेव्हा वणी दिसायला लागली होती.

गॅरेजासमोर गाडी उभी केली. तानाबाई पळतच आल्या आणि डावं दार उघडून खाली वाकल्या. किसनरावांनी त्यांचा हात धरला. उतरले नाहीत.

"बसलो वं," ते म्हणाले. "रजतच्या गाडीत बसलो."