लाल कागद, हिरवा कागद आणि चौगुले मॅडम

आमच्या घरात दोन गोष्टी साठतात. नारळ आणि किस्से. नारळ सत्काराचे, किस्सेही बहुतेक सत्काराचेच. नारळाच्या वड्या करून बायको मोकळी होते. किस्स्यांचं काय करायचं? म्हणून म्हटलं, बसलोच आहोत तर सांगून टाकतो.

मी रिटायर्ड मुख्याध्यापक. कोल्हापुरातच राहतो. आमच्या संस्थेची पाच हायस्कुलं. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी बोलावून घेतलं नि म्हणाले, "सर, घरात बसून काय करताय? आपल्या पाच मुख्याध्यापकांचं मूल्यमापन करा. आणि त्यांना आधार बी द्या!"

मूल्यमापनाचा कागद लाल. त्यात मार्क द्यायचे, तो अध्यक्षांकडं जाणार. आधाराचा कागद हिरवा. त्यात मुख्याध्यापकानं स्वतःच्या अडचणी मोकळेपणानं लिहायच्या, तो माझ्यापाशीच राहणार. दोन्ही कागद घेऊन जाणारा माणूस एकच. मी!

घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे चिमटा बी तुम्हीच काढायचा आणि फुंकर बी तुम्हीच घालायची?"

मी म्हटलं, "तसंच काहीतरी." मलाही नक्की कळलं नव्हतं.

*

पहिली भेट पेठ वडगावच्या शाळेत. तिथले मगदूम सर माझे जुने दोस्त. पण मी गेटातनं आत शिरलो तर माणूस खुर्चीतनं उठून ताठ उभा!

"सर, आज कोण म्हणून आलाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, मार्क द्यायला आलाय का विचारपूस करायला? त्या हिशोबानं बोलतो."

मी लाल कागद दाखवला. लगेच मिसळ आली, वर ताक आलं, बागेतली फुलं आली. पुढच्या महिन्यात हिरवा कागद घेऊन गेलो. अर्धा कप चहा, तोही गार! दोस्तच तो, त्याला काय बोलणार?

तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम दोन्ही कागद हातात धरून गेलो. शिपाई मामा दारातच अडखळले. एकदा माझ्या हाताकडं बघितलं, एकदा आत सरांकडं.

"सर, दोन्ही रंग हायत! काय आणू?"

आतनं मगदूम सरांचा आवाज आला, "मिसळ आण! पण कट कमी!"

*

मग मी शहाणपणा केला. ठरवलं, न सांगता जायचं. शाळा असते तशी बघायची.

एका शाळेत असाच सकाळी धडकलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, "काही करू नका. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर गुपचूप बसतो. तुम्ही शिक्षकांचा तास कसा बघता, तेवढं मला बघायचंय."

"बसा की सर! फक्त पाच मिनिटं थांबा."

पाच मिनिटांत टेबलावर चादर आली, लेझीम आलं, शाल आली, नारळ आला आणि माझ्या डोक्याला भगवा फेटा बांधून झाला! मी नको नको म्हणतोय, पण आपल्याकडं फेट्याला नको म्हटलं की बांधणारा आणखी दोन वेढे जास्त देतो.

मग तसाच फेट्यात, मांडीवर नारळ घेऊन, मी नववीच्या मागच्या बाकावर गुपचूप बसलो. पुढची साठ पोरं माना वळवून माझ्याकडं बघतायत. शिक्षक प्रकाशाचं परावर्तन शिकवतायत आणि एक पोरगी शेजारणीला विचारतीय, "ह्यांचं लगीन कुठं हाय गं?"

लाल कागदावर एक प्रश्न होता. 'वर्गातील वातावरण कसे होते?' मी लिहिलं, 'आनंदी.' दुसरं काय लिहिणार!

*

हिरव्या कागदांची गंमत तर वेगळीच. 'आपणास कोणत्या बाबतीत मदत हवी आहे?' असा प्रश्न आणि खाली दहा ओळी कोऱ्या.

पाच शाळांना कागद वाटले. चार परत आले. चारींवर एकच शब्द. निरंक! म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

हा शब्द आम्हा शाळावाल्यांच्या हाडीमासी खिळलाय. वरनं कुठलाही तक्ता आला की आधी सगळ्या रकान्यांत 'निरंक' लिहायचं, म्हणजे वरचा माणूस खूश आणि पुढचा प्रश्न येत नाही. एकानं तर 'मुख्याध्यापकाचे नाव' ह्याच्यापुढंही निरंक लिहिलं होतं!

मी त्यांना फोन केला, "अहो, नाव तरी लिहायचं!"

ते म्हणाले, "बघू, चुकून ऱ्हायलं असंल. बाकी बरोबर हाय नव्हं?"

हसू नका. मीही अठरा वर्षं तेच लिहीत आलो.

*

आता मुरगूडचे पाटील सर. आवाज असा की मैदानातनं हाक मारली तर बाजारात लोक थांबतील. मुख्याध्यापक म्हणून बारा वर्षं झालेली. त्यांच्या शाळेचं वेळापत्रक म्हणजे बघत राहावं! कुणाचे तास एकावर एक नाहीत, कुणावर अन्याय नाही, सुंदर गोल अक्षर. कोपऱ्यात एक हळदीचा डाग होता, तेवढाच.

मी म्हटलं, "सर, समजा विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या. आत्ता माझ्यासमोर बदल करून दाखवा बरं."

"आत्ता न्हाई. दोन दिवसांनी या."

"का?"

"घाईनं क्येलं की चुका हुत्यात. मी इचार करूनच करतो!"

काय माणूस आहे, असं मला वाटलं. पैकीच्या पैकी मार्क दिले. वर सगळ्यांना सांगितलं की वेळापत्रक शिकायचं तर पाटील सरांकडं जा. जे जे गेले त्यांना त्यांनी तेच सांगितलं, "कच्चं ठेवून जा, दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी वेळापत्रक तयार! शिकून मात्र कुणीच आलं नाही. हे कसं होतंय, ते काही माझ्या ध्यानात येईना.

*

पाचवा हिरवा कागद राहिला होता. तो गडमुडशिंगीच्या चौगुले मॅडमचा.

मॅडम गणिताच्या. पंधरा वर्षं शिकवलेलं. आधीचे सर रिटायर झाले आणि वर्षभर ह्या प्रभारी मुख्याध्यापिका. कायम करायचं की बाहेरनं कुणाला आणायचं, ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

मी गेलो तेव्हा त्या कोरा कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"सर, खरं लिहू का निरंक लिहू?"

"खरं लिहा. हा कागद माझ्यापाशीच राहतो."

"नक्की? माझं एकटीचं असतं तर काही नव्हतं. मी आनंदानं परत वर्गात जाईन. पण 'बाईला जमलं न्हाई' असं एकदा झालं की पुढच्या कुठल्याच बाईला ती खुर्ची कुणी देणार न्हाई."

"मॅडम, शब्द देतो."

मग त्यांनी लिहिलं. एक, वेळापत्रक लावता येत नाही. दोन, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या शिक्षकांची चूक सांगताना जीभ जड होते. तीन, संस्थेचं पत्र आलं की उघडायच्या आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. चार, वर्षभरात 'कसं चाललंय' असं मला कुणी विचारलेलं नाही.

खरं सांगतो, चौथी ओळ वाचून मला लाज वाटली. मी चार वेळा गेलो होतो.

*

आणि आता माझा गाढवपणा. अहवाल द्यायच्या दिवशी सकाळी टेबलावर पाचही शाळांचे कागद मांडले. अठरा वर्षांची हाताची सवय! एका शाळेचे कागद सुटे ठेवायचे नाहीत, एका टाचणीत लावायचे. लाल खाली, हिरवा वर, टाचणी. लाल खाली, हिरवा वर, टाचणी. पाचही गठ्ठे अध्यक्षांच्या टेबलावर पोचले तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तो मीटिंगमध्ये पडला. पाचही मुख्याध्यापक समोर बसलेले. अध्यक्षांनी वरचा हिरवा कागद उचलला नि मोठ्यानं वाचायला लागले, "एक, वेळापत्रक लावता येत नाही..."

चौगुले मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी उठलो. "साहेब, तो आधाराचा कागद आहे. तो वाचायचा नाही!"

"मग टाचलाय कशाला?"

मी टाचणी काढायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

अध्यक्षांनी चारी ओळी वाचल्या, मग बाकीचे गठ्ठे चाळले. "निरंक. निरंक. निरंक. निरंक. चौघांना एक अडचण न्हाई आणि ह्या एकट्या बाईंना चार! सर, तुम्हीच सांगा, मी काय समजू? ह्यांना कायम करायचं?"

मी तोंड उघडलं. शब्द दिला होता, मोडला होता आणि आता कुठल्या रंगाचा माणूस म्हणून बोलायचं तेच मला कळेना. मॅडम मान खाली घालून पर्सचा बंद आवळत होत्या.

तेवढ्यात पाटील सरांचा आवाज आला. आणि पहिल्यांदाच तो बारीक होता.

"साहेब, माझा हिरवा कागद जरा हिकडं द्या. एक ओळ ऱ्हायली."

त्यांनी कागद घेतला, निरंक खोडलं, खाली काहीतरी लिहून परत दिला. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवून वाचलं. परत वाचलं.

"'वेळापत्रक मलाही येत नाही. घरात मंडळी लावून देतात.' पाटील, हे काय?"

"खरं हाय साहेब. ती प्राथमिकला बाई हाय. सांजचा स्वयंपाक झाला की बसती. आता तर पाची शाळांचं तीच लावती."

मगदूम सर छताकडं बघायला लागले.

"अहो, मग बारा वर्षांपूर्वी तुम्हाला कायम कुणी केलं?"

"तुम्हीच की साहेब! तवाच्या तक्त्यात मी निरंक लिहिलंतं!"

 अध्यक्षांनी चौगुले मॅडमची फाइल पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मग मार्कांचा एक कोरा लाल कागद घेऊन पाटील सरांकडं बघितलं.

"वहिनींचं नाव सांगा."