एका खाक्याचे दोन कोट

हिंगोलीच्या कोर्टासमोर मी अर्ज टाइप करायला बसतो. माझ्या डाव्या हाताला संतराम पाईकरावचं शिलाईचं दुकान. मधे एक पत्रा, तोही सडलेला, त्यामुळे त्याच्या मशीनचा खडखडाट मला आणि माझी किरकिर त्याला वर्षानुवर्षं फुकटात ऐकायला मिळते. संतराम चणीनं एवढासा. उंच गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घ्यायचं तर स्टुलावर चढतो. पण एकदा बोलायला लागला की वाटतं, स्टूल आता आपल्यालाच लागणार.

आमचं रोजचं भांडण कागदावरून. माझा वाया गेलेला कागद तो उचलून न्यायचा आणि पाठकोऱ्या बाजूवर बाहीचा, कॉलरचा खाका काढायचा. लांबलचक लिगल कागद त्याचा जीव की प्राण. पुढे मी एफोर वापरायला लागलो तेव्हा या माणसानं असं तोंड केलं, जसं काही मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

"दीपकराव, ह्यो काय कागद हाय? बाही काढाया बसलं की कोपरापाशीच संपून राहिला!"

"अर्जाला बाह्या नसतात," मी म्हणालो.

"म्हणूनच तुमच्या अर्जाला कुणी हात देत न्हाई."

अशा माणसाशी शेजार. बरं, जगाचे कोट शिवणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या अंगावर कधी कोट नाही. स्वतःच्या लग्नात घातला होता, तो गिऱ्हाइकाचा. शिवून तयार होता, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, यानं मधल्या मधे लग्न उरकून घेतलं. त्याची बायको द्वारकाबाई आजही हे सगळ्या गल्लीला ऐकवते, "माझा नवरदेव रातभर कोटाला डाग पडू नये म्हणून उभाच होता. सकाळी इस्त्री मारली अन् नेऊन दिला."

त्यांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी बसस्टँडजवळच्या एका संगणक वर्गात शिकवते. गेल्या वर्षी तिचं लग्न जमलं. मुलगा औंढा नागनाथचा, धम्मदीप खिल्लारे, शेतकीच्या खात्यात, नोकरी तिकडे यवतमाळला. मुलगा उंचापुरा, भरदार. साखरपुड्यात मुलाकडचं कुणीतरी म्हणालं, नवरदेवाचा जोधपुरी नांदेडहून रेडिमेड घेऊ. संतराम ताडकन उठला.

"जावयाच्या अंगावर माझ्या हातचाच कोट राहील! अन् न्हाई बसला, तर त्या दिवसापासून मी कैचीला हात लावणार न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला. संतरामनं तिथल्या तिथं स्टूल मागवलं, वर चढला आणि भरल्या मांडवात जावयाचं माप घेतलं. ते माप मात्र अगदी चोख होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्यानंतरच्या सोमवारी भर चार वाजता त्यानं दुकानाला कुलूप लावलं.

"काहून? तब्येत बरी न्हाई काय?" मी विचारलं.

"क्लासला जाऊन राहिलो."

साठीला टेकलेला माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत जाऊन बसला, आणि तेही स्वतःच्या लेकीच्या वर्गात. तिथं तिला मॅडम म्हणायचा. द्वारकाबाई म्हणायची, "घरी तिला चहा ठेव म्हणत्यात अन् तिथं हात वर करून पाणी प्यायला विचारत्यात." मी पोटभर हसून घेतलं. मला वाटलं, म्हातारचळ लागला. पण लग्न झालं की पोर यवतमाळला जाणार होती. तोवर रोज तासभर तिच्यासमोर बसायला मिळतंय, एवढाच त्या क्लासचा अर्थ होता. हे लक्षात आलं तसं माझं हसू जरा आवरलं. पुरतं नाही आवरलं.

कारण क्लासहून आला की तो सगळा पाठ माझ्यावर घ्यायचा. पहिल्या दिवशी कागदाची मापं. एथ्री मधोमध दुमडला की एफोर होतो, एफोर दुमडला की एफाइव्ह. "मॅडम म्हणाल्या, कागद ल्हान झाला तरी घाट तोच ऱ्हातो. बापासारखं लेकरू." हे दाखवायला त्यानं माझे कोरे कागद दुमडले. मग लाडका लिगल दुमडून पाहिला, तर तो धड लांब ना धड रुंद, जवळजवळ चौकोनी झाला. संतराम नाराज झाला. पण लगेच म्हणाला, "दुमडायचाच कशाला? लिगल ताठच बरा."

पुढे एक्सेल आलं, त्याच्या दुकानात एक जुना लॅपटॉप आला आणि माझी शांती कायमची गेली. एका खान्यात छाती लिहायची. खालच्या खान्यात बरोबरचं चिन्ह, छाती भागिले चार, अधिक दीड इंच सैल. वरची छाती बदलली की खालची सगळी मापं आपोआप बदलतात. त्यानं माझी छाती चाळिसाची साठ केली आणि पोट धरून हसला. नवा फॉर्म्युला आला की पत्र्यावर ठकठक व्हायची आणि मला हातातलं प्रतिज्ञापत्र टाकून जावं लागायचं.

मग त्याच्या डोक्यात आलं की जावयाचा खाकाच एक्सेलमध्ये काढायचा. खाने चौकोनी करायचे, एक चौकोन म्हणजे एक इंच, आणि चौकोन रंगवत रंगवत कोटाची पाठ, पुढा, बाही काढायची. पण तिथं खान्याची रुंदी एका मापात सांगावी लागते आणि उंची दुसऱ्याच मापात. आठवडा गेला तेव्हा कुठं चौकोन चौकोनी झाला. कागद अर्थात लिगल निवडला. जोड कमी येतात म्हणे. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. कोट झाल्यावर मॅडमला दाखवायचं होतं, विद्यार्थी काय शिकला ते.

समोरच्या मुन्नाच्या झेरॉक्सवरून प्रिंट काढल्या. मुन्नानं भल्या मनानं कडा कापून दिल्या, द्वारकाबाईनं खळ लावून पानं चिकटवली. संतरामनं टेप बाजूला ठेवला आणि फक्त चौकोन मोजले. छातीचे चौकोन बरोबर, बाहीचे बरोबर, गळ्याला कॉलर बसते, मुंढ्याला बाही बसते. मोतिया रंगाचं कापड अंथरलं आणि कैची चालवली.

वर कापड उरलं. चांगलं घसघशीत उरलं. ते फडकावत तो माझ्याकडे आला.

"पाहा, कॉम्प्युटरनं कापड वाचवलं! इतके वर्स आमी नुसतं वाया घातलं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी कागदाचा माणूस, कापडातलं मला काय कळतंय. कच्च्या शिलाईवर एकदा अंगाला लावून बघावं, असं द्वारकाबाई म्हणाली. संतरामनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "हिशोबाला ट्रायल लागत न्हाई."

लग्नाच्या आठवड्यात धम्मदीप कोट घालून पाहायला आला. कोट देखणा झाला होता, खोटं का बोला. बटणं, काज, उभी कॉलर, सगळं नजर लागण्यासारखं. धम्मदीपनं एक हात घातला. दुसरा घालताना कोट पाठीवर ओरडला. बाह्या मनगटाच्या पार वर थांबल्या, बटण आणि काज एकमेकांकडे लांबून पाहत राहिले. पोरगं संस्कारी. श्वास रोखून, शेतातल्या बुजगावण्यासारखे हात धरून म्हणालं,

"बसतोय मामा. बराबर बसतोय. जरा श्वास नाही घेतला की झालं."

संतरामनं गुंडाळलेला खाका उघडला आणि एका चौकोनावर टेप ठेवला. चौकोन इंचाला कमी भरला. दुसरा तेवढाच कमी, तिसराही तेवढाच. मी पानाचा जोड निरखून पाहिला आणि मला कळलं. मुन्नाच्या मशीनमध्ये लिगल कागद नव्हताच. 'फिट टू पेज'वर टिचकी मारून त्यानं चौदा इंची पान पावणेबारा इंचांच्या एफोरवर बसवलं होतं, जसं तो सगळ्यांचंच बसवतो. चौकोन सगळे सारखेच आकसले, म्हणून कशाचं कशाशी भांडण झालं नाही.

एरवी मी त्याला चिडवायची अशी संधी सोडली नसती. पण तो पत्र्याला वळसा घालून आला आणि त्यानं कैची माझ्या टेबलावर ठेवली.

"ठेवा तुमच्यापाशी. मी भर मांडवात बोललो हाय."

मला त्याचा भयंकर राग आला. असल्या शपथा घेतंच कोण? आणि घेतल्या तरी पाळतं कोण? पण कैचीकडे पाहिलं तर मूठ त्याच्या अंगठ्यापुरती झिजलेली. मी ती कशी ठेवून घेणार होतो?

द्वारकाबाईनं फोन केला होता, प्रियदर्शनी वर्ग सोडून आली. तिनं कोट पाहिला, खाका पाहिला, मुन्नाचा पराक्रम ऐकला. मग लॅपटॉपवर बापाची फाइल उघडली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. रंगवलेला एकेक चौकोन, त्यामागचा एकेक फॉर्म्युला.

"अप्पा, हे सगळं तुम्ही केलं?"

"चुकलंच न्हवं सगळं, मॅडम."

क्लासबाहेर तो तिला पहिल्यांदाच मॅडम म्हणाला. तिनं डोळे पुसले, जावयाच्या मापांशेजारी नवा रकाना काढला, पहिल्या खान्यात फॉर्म्युला लिहिला, माप गुणिले पावणेबारा भागिले चौदा, आणि खालपर्यंत ओढला. छाती बेचाळीसची पस्तीस झाली. बाही, खांदा, उंची, सगळी उतरली. ती त्या आकड्यांकडे पाहत होती, मग बापाकडे पाहायला लागली. बापाच्याच गळ्यातला टेप तिनं काढून घेतला.

"उभे राहा."

"काहून?"

"मॅडम सांगतायत ना? उभे राहा."

आयुष्यभर दुसऱ्यांना टेप लावणाऱ्या माणसाला कुणी टेप लावला नव्हता. कुठं पाहावं तेच त्याला कळेना. लेकीनं छातीभोवती टेप नेला तेव्हा त्यानं हात इतके वर केले की मी म्हणालो, "अरे, पोलीस न्हाई ती." पस्तीस भरले. बाही अर्ध्या इंचाच्या फरकानं. खांदा थोडा सैल, तेवढं चालतं.

"अप्पा, तुमचा कोट चुकला नाही. बसतोय. फक्त माणूस दुसरा निघाला." मग ती माझ्याकडे वळली. "काका, कैची द्या. यांचं अजून एक काम राहिलंय."

मी दिली. संतरामनं घ्यायला वेळ लावला, पण घेतली. त्याच संध्याकाळी बापलेक मुन्नाकडे गेले, त्याच फाइलच्या प्रिंट शंभर टक्क्यांवर काढल्या. एफोरवरच. जोड वाढले, वाढू देत. या खेपेला तिनं चौकोन मोजले आणि त्यानं टेप लावला. कापडाचा नवा तुकडा आणला, आणि धम्मदीपला कच्च्या शिलाईवर दोनदा औंढ्याहून बोलावलं. बिचारा दोन्ही वेळा पोटभर श्वास घेऊन गेला.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात पांढऱ्या साडीतली प्रियदर्शनी, शेजारी मोतिया जोधपुरीतला उंचापुरा धम्मदीप, आणि खाली पहिल्या रांगेत तसल्याच जोधपुरीतला संतराम. मी त्याला म्हणालो, "नवरदेव दुमडला की तू होतोस, संतराम. घाट तोच." एरवी यानं मला दहा ऐकवली असती. पण तो सारखा बाह्या झटकत होता, डाग पडू नये म्हणून खुर्चीवर टेकतही नव्हता.

बुद्धवंदना सुरू व्हायची होती. द्वारकाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि गळ्यापाशी राहिलेलं बटण लावत म्हणाली,

"बसा आता निवांत. उद्या सकाळी कुणाला परत द्यायचा न्हाई ह्यो."