डोक्यावरची रेघ

गॉडफ्रे आता गावी, गिरीजला, वडिलांची केळीची वाडी बघतो, कॉम्प्युटरला हात लावत नाही. लोक त्याला बिचारा म्हणतात. मी म्हणत नाही. माणूस प्रेमळ, पण हट्टी; आणि त्याचा हट्ट दुसऱ्याला भोवला.

वालीवच्या एका गाळ्यात आम्ही पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसचे कंट्रोलर बनवायचो. मी बोर्डांचं सोल्डरिंग करायची, गॉडफ्रे त्यातल्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहायचा. त्या चिपला इतके पाय, की आम्ही तिला गोमच म्हणायचो. एकेका पायाला एकेक नाव. बहुतेक नावांचा रिवाज साधा होता: एक म्हणजे होय, शून्य म्हणजे नाही. काही नावांचं मात्र उलटं, तिथे शून्य म्हणजे होय. अशा नावाच्या डोक्यावर आडवी रेघ मारायची, असं गॉडफ्रेच्या पुस्तकात होतं.

कीबोर्डवर डोक्यावर रेघ मारायची सोय नव्हती. म्हणून प्रोग्रॅमचा प्रिंट काढला की हा लाल पेन घेऊन बसायचा आणि पट्टी लावून रेघा ओढायचा.

"त्यापेक्षा नावापुढेच काहीतरी अक्षर जोड की," मी कितीदा सांगितलं.

"आशाताई, नावांना शेपट्या लावलेल्या मला नाय आवडत. रेघ म्हणजे रेघ."

सर्वांत ठळक रेघ 'जाळी'वर असायची. प्रेससमोरची जाळी बंद झाली की त्या पायावर शून्य यायचं, आणि तेव्हाच प्रेस खाली यायची. आमचा कंट्रोलर ज्या कारखान्यात होता, तिथे प्रेसवर गॉडफ्रेच्याच आळीतला सॅन्टन होता. लहानपणापासूनचे दोस्त. त्याला ही नोकरी गॉडफ्रेनेच लावून दिली होती. 'जाळी'वर रेघ ओढताना तो दर वेळी म्हणायचा, "हा सॅन्टनचा हात." सॅन्टनलाही त्याने ते कौतुकाने सांगितलं होतं. मला ते ऐकून बरं वाटायचं.

नव्व्याण्णव साली, ईस्टरआधीच्या उपवासकाळात गॉडफ्रेची आई गेली. तो घरी असतानाच त्या कारखान्याला कंट्रोलरमध्ये नगमोजणी, म्हणजे प्रेसमधून किती नग निघाले ते मोजायची सोय, हवी झाली, तीही ताबडतोब. आमच्या गाळ्याच्या शेठला थांबवेना. त्याने गॉडफ्रेच्या जागी विरारच्या सुमेधला बसवलं. पोरगा नुकताच डिग्री घेऊन आलेला, हुशार, कामसू. त्याने फ्लॉपी घातली, मोजणीसाठी प्रेस सुरू करण्याचा भाग नव्याने लिहिला. पडद्यावर 'जाळी' असं नुसतं नाव होतं. डोकं बोडकं. जगरहाटीप्रमाणे त्याने एक म्हणजे बंद असं धरलं. आमच्या टेबलावर जाळी कुठली असायला? तिच्या जागी एक साधं बटण होतं, कुठली बाजू म्हणजे बंद हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. एकीकडे केलं की दिवा लागला, दुसरीकडे केलं की विझला. झालं, पास. लाल रेघांचा प्रिंट बाजूच्याच टेबलावर होता, पण पडद्यावर सगळं दिसत असताना कागद कोण उघडतो?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात नवी चिप बसली. सॅन्टनने जाळी लावली, पॅडल दाबलं. प्रेस हलेना. काय अडकलंय बघायला त्याने जाळी उघडली आणि हात आत घातला. पाय पॅडलवरच राहिला होता.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा वाचला.

शेठने सुमेधला हाकललं आणि हात झटकले. गॉडफ्रे त्याच्यासमोर ओरडला, "पोराची नाय, माझी चूक आहे." शेठने ऐकलं नाही. त्याला सोयीचं होतं तेच त्याने धरून ठेवलं. मी अजून त्या माणसाचं नाव घेत नाही.

सॅन्टन इस्पितळातून घरी आल्यावर गॉडफ्रे मला सोबत घेऊन गेला. एकट्याची हिंमत होईना. सॅन्टनची बायको फ्लॉसी हिने चहा ठेवला. गॉडफ्रेने एका वर्तमानपत्राच्या कडेला नाव लिहिलं, वर रेघ ओढली, आणि सगळं समजावून सांगितलं. सॅन्टन मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "ही रेघ तुला दिसायची. या ताईंना दिसायची. मशीनला दिसायची?"

"नाय."

"त्या पोराला?"

"नाय."

"आणि तू म्हणायचास, हा सॅन्टनचा हात."

गॉडफ्रे तोंड झाकून रडायला लागला. सॅन्टनने सवयीने त्याच्या खांद्यावर ठेवायला उजवा हात उचलला, बँडेजकडे बघितलं, आणि परत मांडीवर ठेवला.